सायोटोची जमीन

(वाचन : यिर्मया 32:6–15)

यरुशलेमास बाबेलच्या सैन्याचा वेढा पडला होता, राजा सिद्कीया हतबल झाला होता, आणि संदेष्टा यिर्मया पहारेकऱ्यांच्या चौकात अटकेत होता. अशा वेळी त्याचा चुलतभाऊ हनामेल त्याजकडे येऊन, अनाथोथ येथील माझे शेत तू विकत घे, असे म्हणू लागला. देश बुडत असता शेत कोण घेतो? तथापि यिर्मयाने ते घेतले. आमच्या शब्बाथ शाळांत हा भाग शिकविताना संदेष्ट्याच्या विश्वासाविषयी पुष्कळ बोलले जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु पवित्र लेखकाने त्या खरेदीच्या रीतीविषयी इतकी वचने का खर्च केली असावी, ह्याचा विचार क्वचित होतो. सतरा शेकेल रुपे तराजूत तोलून दिले. साक्षीदारांनी सही केली. खताच्या दोन प्रती झाल्या. एक मोहोर करून बंद केलेली, दुसरी कोणासही वाचता यावी अशी उघडी. दोन्ही सर्वांच्या देखत बारूखाच्या हाती दिल्या आणि त्या मातीच्या भांड्यात ठेवण्यास सांगितले. बंद प्रतीत एक मजकूर आणि उघड्या प्रतीत दुसरा, असे नव्हते. दोहोंत एकच मजकूर होता. बंद प्रत ठेवण्याचे कारणच हे, की उघड्या प्रतीत कोणी फेरफार केला तर तो पकडला जावा.

ह्या वचनांचे मोल कळावे म्हणून, ज्यात ह्याच्या अगदी उलट घडले असा एक व्यवहार आज आम्ही वाचकांपुढे मांडतो. तोही राज्यक्रांतीच्या काळातला, तोही जमिनीचा, आणि त्यापायी शेकडो कुटुंबे समुद्र ओलांडून गेली. तो 1787 पासून 1795 पर्यंत अमेरिका व फ्रान्स ह्या दोन देशांच्या दरम्यान घडला. त्यात एका पाळकाचा हात होता, हे आम्ही लपवीत नाही. 1813 साली मुंबईस उतरलेले गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे मिशनरी ज्या न्यू इंग्लंडातील काँग्रिगेशनल मंडळ्यांतून आले, त्याच मंडळ्यांपैकी एकीचा तो पाळक होता.

त्याचे नाव रेव्ह. मनासे कटलर. मॅसॅच्युसेट्स प्रांतातील एका खेड्याच्या मंडळीचा हा पाळक वनस्पतिशास्त्राचा अभ्यासी होता, आणि त्याच्या वचनास मान होता. इंग्लंडाशी झालेले स्वातंत्र्ययुद्ध संपल्यावर अमेरिकन सरकारजवळ रोकड नव्हती. शिपायांचे पगार आणि लोकांचे देणे कागदी रोख्यांनी भागविले होते, व ते रोखे बाजारात दर्शनी किमतीच्या लहानशा अंशास विकले जात होते. सरकारजवळ एकच वस्तू विपुल होती, ती म्हणजे ओहायो नदीच्या उत्तरेची अरण्यभूमी. तेव्हा 1786 च्या मार्च महिन्यात बॉस्टन शहरी जुन्या लष्करी अंमलदारांनी ओहायो कंपनी स्थापिली. ते रोखे देऊन जमीन घ्यावी व तेथे वसाहत करावी, हा तिचा हेतू. काँग्रेस सभेशी बोलणे करण्यास त्यांनी कटलर ह्यास 1787 च्या जुलैत न्यूयॉर्कास पाठविले.

त्याच महिन्यात त्या प्रदेशासाठी जो कायदा झाला तो चांगला होता. तेथे गुलामगिरीस बंदी झाली आणि धर्माचे स्वातंत्र्य दिले गेले. कंपनीच्या जमिनीत प्रत्येक तालुक्यातील एक भाग शाळेसाठी व एक भाग धर्मकार्यासाठी राखण्याचेही ठरले. कटलरच्या खटपटीचा ह्यात वाटा होता असे मानितात. परंतु सौदा अडून राहिला. तेव्हा विल्यम ड्यूअर नावाचा मनुष्य त्याजकडे आला. हा ड्यूअर सरकारी खजिन्याच्या मंडळाचा चिटणीस. म्हणजे ज्या मंडळाने जमीन विकावयाची त्याचाच कारभारी. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : तुमच्या मागणीस आणखी मोठी मागणी जोडा, तुमची पंधरा लक्ष एकर तुम्हांस मिळेल, आणि पलीकडची सुमारे पस्तीस लक्ष एकर, सायोटो नदीकडील, ती माझ्यासाठी व माझ्या काही मित्रांसाठी, पण ही गोष्ट गुप्त राहावी. कटलर कबूल झाला. सौदा मार्गी लागला. 27 ऑक्टोबर 1787 रोजी करार झाले, आणि सायोटोच्या व्यवहाराचे तीस हिस्से पाडण्यात आले. तेरा ड्यूअरच्या बाजूस, तेरा कटलर व त्याचा सोबती विन्थ्रॉप सार्जंट ह्यांच्या बाजूस, आणि चार परदेशी विकण्यास.

आता येथे वाचकांनी थोडे थांबावे, कारण पुढील सर्व दुःखाचे मूळ येथे आहे. सायोटोच्या करारात जमीन विकलेली नव्हती. मोजणी झाल्यावर, हप्त्यांनी रोखे भरीत गेल्यास, ठरल्या दराने ती विकत घेण्याचा हक्क तेवढा दिलेला होता. आपल्या गावी साठेखत व खरेदीखत ह्यांतला भेद मोठाली कोर्टे पाहिलेल्या म्हाताऱ्यासच नव्हे, तर एकदा इसार बुडालेल्या कोणासही ठाऊक असतो. साठेखत हाती आले म्हणजे शेत आपले झाले असे नव्हे. सातबाऱ्यावर नाव चढेपर्यंत शहाणा मनुष्य त्यात विहीर खणीत नाही. सायोटोवाल्यांच्या हाती साठेखतच होते, आणि त्यावर त्यांनी इसारही भरलेला नव्हता.

त्यांचे गणित असे होते की युरोपात जमीन चढ्या दराने विकावी, त्या पैशाने स्वस्त रोखे घ्यावे, ते सरकारात दर्शनी किमतीने भरावे, आणि मधला नफा वाटून घ्यावा. ह्यासाठी 1788 साली जोएल बार्लो ह्यास फ्रान्सास धाडले. हा येल विद्यालयाचा पदवीधर, कवी, आणि युद्धात पलटणीचा धर्मोपदेशक होता. त्यास फ्रेंच धड येत नव्हते, व्यापार तर मुळीच येत नव्हता. वर्षभर पॅरिसात राहून त्याच्या हातून काही विकले गेले नाही.

मग 1789 चा उन्हाळा आला. 14 जुलैस बॅस्तीय किल्ला पडला. खेड्यापाड्यांतून शेतकऱ्यांनी जमीनदारांचे वाडे जाळले. 4 ऑगस्टच्या रात्री राष्ट्रसभेत सरदारवर्गाचे जुने हक्क सोडून देण्यात आले. ऑक्टोबरात जमावाने राजास व्हर्सायहून पॅरिसास आणिले. ह्याच ऑगस्टाच्या आरंभी पॅरिसात सायोटो कंपनी उभी राहिली. बार्लोचा साथी झाला विल्यम प्लेफेअर नावाचा एक स्कॉच मनुष्य. आकडे रेघांच्या व खांबांच्या चित्रांनी दाखविण्याची जी युक्ती आज शाळेच्या पुस्तकांत व वर्तमानपत्रांत सर्वत्र दिसते, ती 1786 साली ग्रंथरूपाने प्रथम मांडणारा तो हाच. बुद्धीची त्यास वाण नव्हती. नोव्हेंबरात बार्लोने ह्या कंपनीस तीस लक्ष एकर जमीन, एकरी सहा लिव्र दराने, विकल्याचा करार केला. ज्या जमिनीचा हप्ता अमेरिकेत भरला गेला नव्हता ती अशा रीतीने पॅरिसात दुसऱ्यांदा विकली गेली. आणि तेथील कचेरीतून ती तुकड्या-तुकड्यांनी तिसऱ्यांदा विकली जाऊ लागली.

लोकांस काय सांगण्यात आले ते पाहण्याजोगे आहे. नदी एवढी रम्य की तिचे नावच सुंदर नदी. हिवाळ्यात थंडी नाममात्र. झाडांतून साखर पाझरते. एका झुडपावर मेणबत्तीचे मेण आयते धरते. हरणांचे मांस हवे तेवढे, आणि लांडग्याचे नाव नाही. डुकरांची एक जोडी सोडून दिली की दोन-तीन वर्षांत शेकडो. कर नाही, सक्तीची शिपाईगिरी नाही. हे सर्व निव्वळ खोटे होते असे म्हणवत नाही, आणि तेच अधिक वाईट. मेपल झाडाच्या रसापासून साखर होते हे खरे. परंतु सुमारे चाळीस शेर रस काहिलीत आटवावा तेव्हा एक शेर पाक हाती लागतो. ज्याने उसाचे गुऱ्हाळ पाहिले आहे त्यास ह्या श्रमाची कल्पना येईल. आणि इंधनासाठी आधी झाडे तोडावी लागतात ती निराळीच. मेणाचे झुडूपही आहे. फळे उकळून वरचे मेण काढावयाचे, ओंजळभर फळांस चिमूटभर मेण. थंडीत ओहायो नदी गोठते, एवढे मात्र कोणी सांगितले नाही. नकाशा छापण्यात आला, त्यात पहिल्या शहराची जागा दाखविली होती. आणि ह्या सर्वांस वजन यावे म्हणून 1787 साली कटलरने त्या प्रदेशाविषयी लिहिलेली पुस्तिका फ्रेंच भाषेत उतरवून छापिली गेली. पाळकाने सद्भावाने लिहिलेले वर्णन जमिनीच्या दुकानाची पाटी झाले.

वाचकांपैकी कोणी म्हणेल, घेणारे मूर्ख होते. आमचे मत तसे नाही. त्या वर्षी फ्रान्सात कोणास कशाचाच भरवसा राहिला नव्हता. श्रीमंतांस जिवाची व वाड्याची धास्ती होती. परंतु कागद घेणाऱ्यांत गरीब व मध्यम स्थितीचेच लोक पुष्कळ होते, आणि त्यांची अडचण निराळी होती. केसांचे टोप करणारे, गाड्यांस सोनेरी मुलामा देणारे, नक्षीचे सुतार, सोनार, जाळीचे कापड विणणारे, ह्या सर्वांचे गिऱ्हाईक म्हणजे सरदारवर्ग. आणि सरदार तर देश सोडून चालले होते. क्रांतीने त्यांची पोटे मारिली, जरी क्रांती त्यांच्याच नावाने चालली होती. इशारे देणारे नव्हते असेही नाही. 1790 साली पॅरिसात ह्या कंपनीविरुद्ध चोपडी छापल्या गेल्या, आणि सत्तर वर्षांपूर्वी मिसिसिपीच्या जमिनीच्या सट्ट्यात फ्रेंच लोक कसे बुडाले होते त्याची आठवण देण्यात आली. परंतु अशा काळात प्रत्येक शब्द कोणत्या पक्षाचा ते आधी पाहतात. देश सोडणाऱ्यांस क्रांतिपक्ष देशद्रोही म्हणत होता. तेव्हा जाऊ नका असे सांगणारा खरे सांगत असला तरी तो पक्षासाठी बोलतो असेच जाणाऱ्यास वाटले असावे.

1790 च्या आरंभी हाव्र बंदरातून पहिले जहाज सुटले. मागून आणखी गेली. एकंदर पाचशे ते सहाशे लोक त्या वर्षी अमेरिकेस पोहोचले. त्यांत राष्ट्रसभेचा सभासद मार्क्विस लेझे-मार्नेझिया होता, एक बेनेडिक्टाइन संन्यासी पाद्री होता, वैद्य होते, आणि काही वर्षे चाकरी करून देण्याच्या कराराने आलेले मजूर होते. मे महिन्यात पहिली टोळी व्हर्जिनियातील अलेक्झांड्रिया बंदरी उतरली, आणि तेथे त्यांस कळले की तुमच्या कागदास येथे कोणी ओळखत नाही. कंपनीच्या नावे सरकारदरबारी एक एकरही नव्हती. पॅरिसात जमलेल्या पैशांतून अमेरिकेच्या खजिन्यात काहीच भरले गेले नव्हते. आकड्यांची चित्रे काढणाऱ्या प्लेफेअरकडून रकमेचा हिशोब ड्यूअरच्या हाती कधी आला नाही.

ड्यूअरविषयी न्यायाने एवढे लिहिले पाहिजे की त्याने त्या लोकांस बंदरावर टाकून दिले नाही. गाड्या भाड्याने घेऊन त्यांस डोंगर ओलांडून पाठविले, आणि ओहायो कंपनीचा पुढारी रूफस पटनम ह्याच्याकडून नदीकाठी ओंडक्यांची ऐंशी घरे बांधविली. वीस-वीस घरांच्या चार रांगा. ग्रेट कनाव्हा नदीच्या मुखापासून थोडी खाली ही जागा आहे. 1790 च्या ऑक्टोबरात लोक तेथे पोहोचले. गावास गॅलिपोलिस, म्हणजे फ्रेंचांचे शहर, असे नाव पडले. परंतु जागा मोजणीअंती सायोटोच्या हद्दीत नव्हतीच. ती ओहायो कंपनीच्या हद्दीत निघाली. पटनमचे घरबांधणीचे बरेच पैसेही बुडाले.

मग त्या टोप करणाऱ्यांपुढे अरण्य उभे राहिले. त्यांच्याविषयी अशी हकिकत लिहून ठेविलेली आहे की एकेका प्रचंड झाडाभोवती दहा-बारा जणांनी मिळून कुऱ्हाडीने चहूकडून घाव घालावे, दुसऱ्यांनी फांद्यांस दोर बांधून ओढावे, आणि झाड पडले की ते कसे हलवावे हे न कळल्यामुळे बाजूस मोठा खड्डा खणून त्यात पुरावे. आमच्या वाचकांस हसू येईल. परंतु हातात आजवर कंगवा धरलेल्या मनुष्याने काय करावे? झाडे अंगावर पडून माणसे जायबंदी झाली. दलदलीच्या तापाने पुष्कळ आजारी पडले.

आणि ह्याहूनही एक खोल गोष्ट होती. ज्या भूमीचे हे सर्व कागद होते ती भूमी शॉनी, डेलावेर, मायामी इत्यादी लोकांची होती. 1785 व 1786 साली अमेरिकन सरकारने काही पुढाऱ्यांकडून तह लिहून घेतले होते, ते त्या लोकांपैकी बहुतेकांस मान्य नव्हते. ज्यांचे शेत, त्यांची सही कागदावर नाही. आणि ज्यांची सही, त्यांचे शेत नाही. युद्ध पेटले. 4 नोव्हेंबर 1791 रोजी सेंट क्लेअर सेनापतीची फौज त्या लोकांनी उधळून लाविली व सहाशेंहून अधिक शिपाई पडले. ह्यानंतर गॅलिपोलिसच्या रहिवाशांस कुंपणाबाहेर पेरणीस जाणेही जोखमीचे झाले. 1795 च्या ऑगस्टात ग्रीनव्हिल येथे तह झाला तेव्हा युद्ध थांबले, आणि त्या मूळ लोकांच्या हातून ओहायोचा मोठा भाग कायमचा गेला. बुडालेल्या फ्रेंचांची कथा सांगताना त्यांची गोष्ट एका ओळीत आटपण्याची चाल पडली आहे. ती चाल बरी नव्हे, जरी ह्या लेखातही आम्हांस जागा थोडी आहे.

सट्टेवाल्यांचे गणित मात्र एका चमत्कारिक रीतीने मोडले. 1789 साली नवे राज्ययंत्र सुरू झाले, आणि 1790 च्या ऑगस्टात जुने रोखे सरकारने आपल्या शिरावर घेतले. देशाची पत वाढली, रोख्यांची किंमत चढली, आणि स्वस्त रोख्यांनी जमीन घेण्याचा मार्ग बंद झाला. देशाचे भले झाले तेच ह्यांचे वाटोळे. ड्यूअर तोवर बँकेच्या शेअरांच्या मोठ्या सट्ट्यात शिरला होता. 1792 च्या मार्चात तो बुडाला व न्यूयॉर्कच्या बाजारात हाहाकार उडाला. त्यास कर्जदारांच्या तुरुंगात टाकिले, आणि 1799 साली तो मेला. बार्लो पुढे अमेरिकेचा वकील झाला. कटलर आपल्या मंडळीकडे राहिला. 1823 साली मरेपर्यंत तो तिचा पाळक होता.

ह्यांत जाणूनबुजून लुबाडावे असा हेतू किती जणांचा होता? आमच्या समजुतीने थोड्यांचाच. बार्लोस खरोखर वाटले की विक्री झाली म्हणजे पैसा येईल, पैसा आला म्हणजे हप्ता भरेल, हप्ता भरला म्हणजे जमीन होईल. कटलरला वाटले की शाळा, धर्मकार्य व गुलामगिरीची बंदी ह्यांसाठी एवढी एक गुप्त गोष्ट पोटात ठेविली तर बिघडत नाही. यिर्मयाच्या खरेदीशी ताडून पाहिले तर ह्या व्यवहारातही दोन प्रती होत्या. बंद प्रत न्यूयॉर्कात होती, तीत विकत घेण्याचा हक्क लिहिला होता. उघडी प्रत पॅरिसात होती, तीत जमीन लिहिली होती. दोहोंमध्ये समुद्र होता, आणि दोन्ही वाचलेले जे चार-दोन लोक होते त्यांनी तोंड उघडले नाही. पाळकाचा ह्यात काय अपराध, असे विचारणाऱ्यास आम्ही हेच दाखवू. बंद प्रतीत काय आहे हे त्यास ठाऊक होते, आणि त्याच्याच नावाची पुस्तिका उघड्या प्रतीबरोबर वाटली जात होती.

1796 साली व्होल्नी नावाचा फ्रेंच प्रवासी मुद्दाम गॅलिपोलिस पाहण्यास गेला. त्यास फिकट, तापाने खंगलेले चेहरे आणि पांढरी सफेती दिलेली ओंडक्यांची घरे दिसली. तेव्हा पुष्कळ लोक निघून गेले होते. मार्क्विस फ्रान्सास परतला होता. गावात डॉक्टर सोग्रँ मात्र होता. तो तापमापक व वायुभारमापक यंत्रे स्वतः करून विकी. पुढे तो सेंट लुई येथे गेला आणि 1809 साली तेथील गरिबांस देवीची लस टोचू लागला.

रहिवाशांनी काँग्रेस सभेकडे दाद मागितली होती. 3 मार्च 1795 च्या कायद्याने त्यांस नदीच्या खालच्या अंगास चोवीस हजार एकर जमीन देण्यात आली. त्यांतील चार हजार एकर, ज्या गृहस्थाने खटपट केली त्यास. उरलेली वीस हजार गावात प्रत्यक्ष राहणाऱ्या 92 जणांत वाटली, तेव्हा प्रत्येकी 217 एकरांहून किंचित अधिक आली. ती दूर होती. बहुतेकांनी तेथे पाऊलही न ठेविता ती विकून टाकिली. आपली घरे, आपण पाच वर्षे घाम गाळून मोकळी केलेली आपली परसे, ती तेवढी आम्हांस द्या, असे त्यांनी ओहायो कंपनीस विनविले. कंपनीने फुकट देण्यास नकार दिला, आणि 1795 च्या अखेरीस एकरी सव्वा डॉलर किंमत सांगितली. ज्यांनी पॅरिसात एकदा किंमत मोजली होती त्यांनी पुन्हा ती गोळा केली. जेथे त्या ऐंशी घरांच्या रांगा होत्या तेथे आज शहराची बाग आहे. सव्वा डॉलर दिल्यावर त्यांस जी खते मिळाली त्यांवर जमीन जिची होती त्याच कंपनीची सही होती, आणि ह्या वेळी सरकारी दप्तरात त्यांचे नाव चढले.